अजिंठ्याची चित्रे आणि मंद प्रकाशाचे शास्त्र

अजिंठ्याला जाऊन आलेल्या पालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : “एवढ्या लांब गेलो, पण आत अंधारच. चित्रं नीट दिसलीच नाहीत.” तक्रार खोटी नाही. मात्र तो अंधार हेळसांडीतून आलेला नसून जाणीवपूर्वक राखलेला आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्या राखलेल्या मंद प्रकाशाचा विचार करावयाचा आहे. दिव्याचा उजेड कमी करताना त्याचा रंग बदलू नये आणि तो लुकलुकू नये, एवढी साधी वाटणारी अपेक्षा प्रत्यक्षात किती कठीण आहे, हे त्यातून ध्यानात येईल. इतिहासाच्या शिक्षकाने विजेच्या दिव्यांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु भिंतीवरील चित्र हा जर इतिहासाचा दस्तऐवज असेल, तर तो कोणत्या उजेडात वाचावयाचा हा प्रश्नही इतिहासाच्याच कक्षेत येतो.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेल्या या लेण्यांपैकी नवव्या व दहाव्या लेण्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या शतकांत जातो. पहिले, दुसरे, सोळावे व सतरावे ही चित्रांनी संपन्न असलेली लेणी पाचव्या शतकातील आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचला आणि बाहेरच्या जगाला या चित्रांची नव्याने ओळख झाली. त्यानंतरचा इतिहास मात्र चटका लावणारा आहे. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला तयार केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत भस्मसात झाल्या. सुरक्षित म्हणून परदेशी नेलेल्या नकला जळाल्या आणि डोंगराच्या अंधारात राहिलेली मूळ चित्रे टिकली.

अर्थात तीही सुखरूप टिकली असे म्हणता येत नाही. अजिंठा आणि आपली परभणी हा सारा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीत, १९२० नंतर, इटलीहून दोन जाणकार बोलावून चित्रांचे सुटलेले पापुद्रे पुन्हा बसवण्यात आले. त्या कामाने पुष्कळ चित्रे वाचली. परंतु त्या काळी चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे-तपकिरी पडले. पिवळ्या काचेतून पाहिल्यावर निळा रंग हिरवट आणि पांढरा रंग मळकट दिसावा, तसे काही भागांचे झाले. रंगपालट म्हणजे काय, हे अजिंठ्याने दिव्यांच्या आधी रोगणाकडून शिकून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रकाशाकडे वळू. प्रकाशामुळे होणारी हानी ही उजेडाची तीव्रता आणि कालावधी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. उजेड मोजण्याचे एकक लक्स. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात आणि वाचनासाठी साधारण तीनशे लक्स पुरेसे मानतात. प्रकाशाने लवकर बिघडणाऱ्या वस्तूंसाठी ५० लक्सची मर्यादा संग्रहालयांनी स्वीकारलेली आहे. हिशेब करून पाहा : ५० लक्सचा उजेड रोज आठ तास याप्रमाणे वर्षाचे तीनशे दिवस ठेवला, तर बेरीज एक लाख वीस हजार लक्स-तास होते. तोच उजेड ५०० लक्स केला, तर वर्षभराचा वाटा अवघ्या तीस दिवसांत संपतो.

येथे एक शंका योग्य ठरेल. अजिंठ्यातील रंग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुनखडी अशा खनिज द्रव्यांचे आहेत. निळ्यासाठी आजच्या अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द दगड वापरलेला आहे. गेरू उन्हाने उडत नाही, हे आपल्या घरांच्या भिंती सांगतातच. मग एवढी काळजी कशासाठी? कारण रंग टिकाऊ असला तरी त्याला धरून ठेवणारे बंधक द्रव्य, वरचे रोगण आणि भुश्श्या-तुसाने बांधलेला मातीचा गिलावा तितका टिकाऊ नसतो. प्रखर दिव्यांसोबत उष्णता येते, किडे येतात आणि ओलावा असेल तेथे शेवाळही धरते. म्हणूनच फ्लॅशच्या छायाचित्रणास तेथे बंदी आहे.

पूर्वी तेथील सेवक बाहेरच्या उन्हाचा कवडसा आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने आत वळवून चित्र दाखवीत असत. ती युक्ती देखणी होती, पण उन्हातील अतिनील किरण आरशाला अडवता येत नाहीत. पुढे काही प्रमुख लेण्यांत फायबर ऑप्टिक प्रकाशयोजना आली. तिच्यात दिवा दूर राहतो आणि काचेच्या तंतूंतून फक्त उजेड चित्रापर्यंत पोहोचतो. मंद उजेडातही चित्रे किती बोलकी होऊ शकतात, हे बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. त्यांनी दिवे न वाढवता, कॅमेऱ्याचे झाकण दीर्घकाळ उघडे ठेवून छायाचित्रे घेतली.

दिवा मंद करणे ही आपल्या आज्यांना रोज जमणारी गोष्ट होती. कंदिलाची वात खाली केली की काम झाले. पण वात खाली जाताच ज्योत तांबूस होई. तारेच्या जुन्या बल्बचेही तसेच : पूर्ण तेजात त्याच्या तारेचे तापमान सुमारे २७०० केल्व्हिन असते, वीज कमी केली की तार निवते आणि उजेड पिवळ्यावरून तांबड्याकडे झुकतो. लाजवर्दी निळ्याला असा उजेड मारक ठरतो. निळ्या रंगाने परत पाठवावा असा निळा प्रकाशच त्यात अत्यल्प असल्यामुळे तो भाग काळपट दिसतो. कलावंताने ज्याच्यासाठी इतक्या दुरून दगड आणवला, तो रंगच प्रेक्षकाला दिसत नाही.

एलईडी हा वेगळ्या जातीचा दिवा आहे. त्यात तापणारी तार नसते. अर्धवाहकाच्या चिमुकल्या तुकड्यातून वीज वाहते आणि प्रकाश बाहेर पडतो. पांढऱ्या एलईडीत खरे तर एक निळा तुकडा असतो, त्याची तरंगलांबी साधारण ४५० नॅनोमीटर, आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो. काही निळा प्रकाश लेपातून सरळ निसटतो, काहीचे पिवळ्या-तांबड्यात रूपांतर होते, आणि दोहोंच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरे म्हणतो. हा तेजस्वी निळा तुकडा घडवणे फार काळ जगाला साधले नव्हते. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते साधले आणि त्यासाठी त्यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी रोमच्या सिस्टिन चॅपेलमधील मायकेलअँजेलोच्या छतचित्रांना सुमारे सात हजार एलईडींची प्रकाशयोजना लाभली.

हा दिवा मंद कसा करावयाचा? मार्ग दोन आहेत. पहिला सरळ आहे : त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह कमी करणे. यात लुकलुक मुळीच नसते. परंतु प्रवाह उतरला की निळ्या आणि हिरव्या एलईडीची तरंगलांबी काही नॅनोमीटरने लांब बाजूला सरकते. उलट तुकडा थंड झाल्यामुळे ती आखूड बाजूला जाऊ पाहते, पण हे दोन परिणाम एकमेकांना नेमके खोडून काढतील याची शाश्वती नसते. फॉस्फरच्या पांढऱ्या दिव्यात हा फरक लहान असतो. जेथे तांबडा, हिरवा, निळा असे तीन वेगळे दिवे मिसळून पांढरा उजेड तयार करतात, तेथे मात्र तो उघड दिसतो. तांबडा एलईडी वेगळ्या द्रव्याचा असल्यामुळे त्याची उष्णतेशी वागणूकच निराळी असते, आणि एका प्रवाहाला बरोबर जुळलेले मिश्रण दुसऱ्या प्रवाहाला विस्कटते. माणसाचा डोळा रंगातील किती सूक्ष्म फरक ओळखतो, याची मोजणी डेव्हिड मॅकॅडम यांनी १९४२ साली केली होती. आजही दिव्यांचे रंग एकमेकांशी किती जुळतात हे ‘मॅकॅडम पायऱ्यां’तच सांगतात. शेजारी शेजारी लावलेल्या दिव्यांत तीन पायऱ्यांच्या आतला फरक सहसा जाणवत नाही.

दिवे एकाऐवजी शेकडो असतील तर आणखी एक अडचण उभी राहते. कारखान्यात एलईडींची प्रतवारी ठरावीक प्रवाहावर केली जाते. त्या प्रवाहाला सारखे दिसणारे दिवे प्रवाह दहावा हिस्सा केल्यावर सारखे दिसतीलच असे नाही. घरोघरी पीओपीच्या छतात लावतात त्या बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रोधक असे गट समांतर जोडलेले असतात. व्होल्टेज उतरवून ती मंद करू पाहिली की गटागटांतील भेद उघडे पडतात. तारेच्या टोकाकडचा भाग आधीच फिकट असतो, तो आणखी मागे पडतो. चित्रभिंतीवर असे झाले तर प्रेक्षकाला भिंतीचा एक भाग अधिक झिजलेला वाटेल, आणि ती झीज चित्राची नसून दिव्यांची असेल. म्हणून चांगल्या योजनेत एलईडी एकामागून एक साखळीत जोडतात आणि प्रत्येक साखळीला स्थिर प्रवाह देणारा स्वतंत्र ड्रायव्हर देतात. एका साखळीतील सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे निदान त्या बाबतीत तरी भेदभाव राहत नाही.

दुसरा मार्ग युक्तीचा आहे. प्रवाह कमी न करता दिवा पूर्ण तेजाने लावावयाचा आणि विझवावयाचा, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. लागलेला काळ दहा टक्के आणि विझलेला नव्वद टक्के असेल, तर डोळ्याला सरासरी दहा टक्के उजेड मिळतो. तंत्रज्ञ यास पीडब्ल्यूएम म्हणतात. मराठीत स्पंद-रुंदी नियमन म्हणता येईल. दिवा जेव्हा लागतो तेव्हा पूर्ण प्रवाहानेच लागतो, म्हणून त्याचा रंग जवळजवळ ढळत नाही. साखळ्यांतील भेदही वाढत नाहीत. मात्र रंगाचा प्रश्न सुटताना लुकलुकीचा प्रश्न जन्माला येतो.

लुकलुक म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणारी फडफड नव्हे. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात वीज दोनदा शून्यातून जाते, म्हणून चोकवर चालणारी जुनी ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा मंदावत असे. ते कुणाला दिसत नसे. तरीही १९८९ साली ब्रिटनमधील आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयातील जुने चोक काढून अतिजलद वारंवारितेचे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले, तेव्हा डोकेदुखी व डोळ्यांच्या ताणाच्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. जे डोळ्यांना कळत नाही ते मेंदूला कळत असते, असा त्याचा अर्थ. दिसणारी, संथ लुकलुक तर अधिक घातक. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमधील तांबड्या-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

सुरक्षित मर्यादा कोणती, याचे उत्तर आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१५ च्या आपल्या १७८९ क्रमांकाच्या शिफारशीत दिले आहे. उजेडातील चढउताराची टक्केवारी वारंवारितेशी बांधलेली आहे. नव्वद हर्ट्झच्या वर, जोखीम अल्प राहावी यासाठी, वारंवारितेला ०.०८ ने गुणावे. येईल तितके टक्के चढउतार चालतील. १०० हर्ट्झला ही मर्यादा ८ टक्के येते. पीडब्ल्यूएममध्ये दिवा पुरता विझत असल्यामुळे चढउतार शंभर टक्के असतो. तो चालावा असे वाटत असेल तर वारंवारिता किमान १२५० हर्ट्झ हवी. काहीही परिणाम नको असेल तर गुणक ०.०३३३ घ्यावा, म्हणजे उत्तर ३००० हर्ट्झ येते. आमच्या दहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर दोन मिनिटांत सुटते. बाजारातील पुष्कळ दिवे मात्र या गणितात नापास होतात.

मग वारंवारिता हवी तेवढी वाढवून का टाकू नये? येथे डोळ्याचा स्वभाव आडवा येतो. आपल्याला उजेड मोजमापाप्रमाणे भासत नाही. जो उजेड ‘निम्मा’ वाटतो तो यंत्रावर मोजल्यास मूळच्या जेमतेम १८ टक्के भरतो, आणि दहा टक्क्यांवर आणलेला दिवाही पुष्कळ उजळ वाटतो. म्हणून खरोखर मंद प्रकाशासाठी एक टक्का किंवा त्याहून खाली उतरावे लागते. २५६ पायऱ्यांच्या साध्या नियंत्रकात अगदी तळाशी पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना उजेड एकदम दुप्पट होतो आणि तो धक्का डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. ४०९६ पायऱ्या घेतल्या तर चाल मऊ होते. पण ३००० हर्ट्झला सर्वांत लहान स्पंद सेकंदाच्या एक कोटी वीस लाखाव्या भागाइतका अरुंद होतो. इतक्या क्षणभरात ड्रायव्हरचा प्रवाह पुरता उभाही राहत नाही, आणि ज्या रंगस्थैर्यासाठी ही युक्ती केली तेच हातचे जाते.

यातून निघालेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. ती म्हणजे दोन्ही मार्गांचा मेळ. वरच्या टप्प्यात प्रवाह कमी करावयाचा, पण तो रंग सरकू लागण्याच्या बेतापर्यंतच, समजा दहा टक्क्यांपर्यंत. त्याखाली प्रवाह तेथेच रोखून स्पंद अरुंद करीत जावयाचे. एक टक्का उजेड हवा असेल तर दहा टक्के प्रवाह आणि त्यातील दहा टक्के काळ. असे केल्याने स्पंद अतिअरुंद करण्याची वेळ येत नाही आणि रंगही आवाक्यात राहतो. अनेक रंगांचे दिवे मिसळणाऱ्या महागड्या योजनांत रंग मोजणारा संवेदक बसवून मिश्रण सतत दुरुस्तही केले जाते.

मात्र दिवा कितीही निर्दोष असला तरी एक मर्यादा आपल्या डोळ्यांतच आहे. १८१९ साली, म्हणजे जॉन स्मिथ अजिंठ्यात पोहोचला त्याच वर्षी, बोहेमियातील यान पुरकिन्ये यांच्या लक्षात आले की भर दुपारी झळाळणारी तांबडी फुले पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात आणि निळी-हिरवी पाने उजळ भासतात. फार मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात. अजिंठ्याची भिंत मुख्यतः गेरूची. उजेड ५० लक्सच्याही फार खाली नेला तर दिव्याचा रंग तसाच असूनही गेरू मावळेल. त्याच कारणाने दिवा निवडताना रंगदर्शनाचा निव्वळ सरासरी आकडा पाहणे फसवे ठरते. तो आकडा आठ फिक्या रंगांवरून काढतात आणि गडद तांबडा त्यात धरलेलाच नसतो. ‘आर-नऊ’ हा त्याचा गुण वेगळा विचारावा लागतो.

तसेच डोळ्याला वेळ द्यावा लागतो. मे महिन्याच्या उन्हातून ५० लक्समध्ये शिरणे म्हणजे उजेड दोन हजार पटींनी घटणे. रंगाच्या पेशींना सावरण्यास आठ-दहा मिनिटे लागतात आणि आपली सहल तेवढ्यात पुढच्या लेण्यात गेलेली असते. ओसरीच्या सावलीत दहा मिनिटे बसून मग आत गेलेल्या मुलांनी पद्मपाणीच्या मुकुटातील बारकावे मोजून दाखवलेले मी पाहिले आहेत.

हे शास्त्र लेण्यांपुरते नाही. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडी खेडोपाडी पोहोचला, हे मोठेच काम झाले. परंतु स्वस्त बल्बात वीज सपाट करणारा कपॅसिटर लहान असतो किंवा नसतोच, आणि उजेड १०० हर्ट्झने थेट खालीवर होत राहतो. असलेला कपॅसिटरही उष्णतेने सुकतो : दर दहा अंशांमागे त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडील उन्हाळ्यात, बंद झुंबरात किंवा पत्र्याखाली लावलेला बल्ब दोन वर्षांत फडफडू लागला तर नवल नाही. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत मुले रात्री तीन-तीन तास वाचतात. तेथे हा प्रश्न डोकेदुखीच्या गोळीने सुटणारा नव्हे.

तपासणी घरच्या घरी होते. मोबाईलचा कॅमेरा दिव्याजवळ धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकत आहे. लग्नमंडपातील रंगीत दिव्यांच्या चित्रफितीत हे पट्टे सर्वांनी पाहिलेले असतील. कॅमेरा नसेल तर दिव्याखाली पांढरी पेन्सिल झपाट्याने हलवावी. तिचा अखंड धूसर पंखा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा बदलावा. पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी बल्ब जोडण्याचा उद्योग काही घरांत होतो, तो टाळावा. तो रेग्युलेटर विजेची लाट कापतो किंवा अडवतो. तारेचा बल्ब ते सोसत असे, पण साध्या एलईडीचा ड्रायव्हर गोंधळतो आणि दिवा फडफडतो. मंद करता येणारा बल्ब हवा असल्यास वेष्टनावर तसे लिहिलेले पाहून घ्यावे आणि त्याला जुळणारा डिमर मागावा.

गोठ्यातील आणि कारखान्यातील दिव्यांकडे तर अधिक लक्ष हवे. सेकंदाला १०० वेळा विझणाऱ्या दिव्याखाली कडबा कुट्टीचे चाक विशिष्ट वेगाला थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे दिसू शकते, आणि पाते थांबले असे समजून हात पुढे जातो. तेथे चढउतार नसलेल्या ड्रायव्हरचा दिवा लावावा. तो मिळत नसेल तर जुना तारेचा बल्ब बरा. त्याची तार इतक्या लवकर निवत नाही.